कॅम्पर ट्रेलरसोबत सायकली न्यायच्या कशा? मागच्या बंपरवर तर नक्कीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतल्या कोलंबसचं कुटुंब, टोयोटा हायलँडर (पेट्रोल, व्ही-६), नुकताच सेकंडहँड घेतलेला १९ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, नवरा-बायकोच्या दोन ई-बाइक, मुलांच्या दोन छोट्या सायकली, आणि ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या मॅकिनॉ सिटीला मुक्काम करून तिथून फेरीबोटीने मॅकिनॉ आयलंड करायचं. ट्रेलर विकणाऱ्याने सांगितलंय की मागच्या बंपरला रॅक बसवून घ्या, सगळे तेच करतात. तर बसवायचा का, आणि नाही तर मग सायकली ठेवायच्या कुठे?

नका बसवू. सगळे तेच करतात हे खरंय, उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी आय-७५ वर नुसते बघत बसलात तरी मागे चार सायकली झुलवत चाललेले ट्रेलर एकामागून एक दिसतील, आणि त्यातले बहुतेक सुखरूप पोचतात हेही खरंय. पण ज्यांचं बिनसतं त्यांचं एकदम बिनसतं, आणि मग सायकलींचं नुकसान ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. मी मिशिगनमध्ये राहतो, नोकरी सगळी गाड्यांच्या चेसिस टेस्टिंगमध्ये गेली, आधी पॉप-अप (घडीच्या छपराचा छोटा ट्रेलर) ओढला आणि आता मोठा ट्रेलर ओढतो, त्यामुळे काटा आणि टेप घेऊनच बोलायची खोड आहे, जरा लांबेल, चालवून घ्या.

लोक विचार करायला सुरुवात करतात ती रॅकवर किती सायकली बसतात यापासून. खोक्यावर ४ लिहिलंय म्हणजे ४, संपलं. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. पहिला प्रश्न हा की हे वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे पडणार, मागे पडणार की बरोबर वर, आणि रॅक कुठल्या कंपनीचा वगैरे सगळं त्याच्यानंतर.

ट्रेलरचं तोंड गाडीच्या हिच बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) जेवढा भार टाकतं ते टंग वेट. आपल्या इथल्या (म्हणजे अमेरिकेतल्या) ट्रॅव्हल ट्रेलरना ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला लागतं. एक्सलच्या मागे वजन टाकलं की त्याची तरफ होते, शेपूट दबतं आणि तोंड उचललं जातं. बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की गाडी उलाळते आणि जू वर उचलतं, तोच हा प्रकार, फक्त इथे ताशी ६० मैलांनी. तोंड हलकं झालं की शेजारून ट्रक गेला, वारा आला, उतार लागला की ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घ्यायला लागतो आणि ते हेलकावे आपोआप मिटायच्या ऐवजी वाढत जातात.

आता तुमच्या आकड्यांवर येऊ. तुम्ही सगळं दिलेलं नाही म्हणून थोडे मी धरलेत, तुमचे खरे मोजून घाला. ट्रेलर भरून ३९०० पाउंड, टंग वेट ४५० पाउंड म्हणजे साडेअकरा टक्के, अगदी छान. हिच बॉलपासून एक्सल १३ फूट. मागच्या रॅकवरच्या सायकलींचा मध्य एक्सलच्या मागे ९ फूट. ई-बाइक बॅटरी काढून ५५ पाउंडची एक, दोन्ही मिळून ११०, मुलांच्या २५ ची एक म्हणजे ५०, आणि चार सायकलींचा दणकट रॅक स्वतःच ६०. एकूण २२०. आता २२० गुणिले ९ भागिले १३, म्हणजे १५२ पाउंड तुम्ही तोंडावरून उचलून टाकले. टंग वेट उरलं २९८ आणि ट्रेलर झाला ४१२० पाउंडचा. टक्केवारी ७.२. चार सायकली मागे टांगल्या आणि चांगला चालणारा ट्रेलर बिघडला, इतकं सोपं आहे ते. वर बऱ्याच ट्रेलरमध्ये पिण्याच्या पाण्याची टाकीही एक्सलच्या मागे असते, एक गॅलन म्हणजे ८.३ पाउंड, ३० गॅलन भरून निघालात तर अडीचशे पाउंड अजून मागे. ती टाकी तुमच्यात कुठे आहे हे वाकून बघा एकदा.

यावर हुशार मंडळी उपाय काढतात की मग पुढच्या डिकीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी, अवजारं, कास्ट आयर्नचे तवे भरा म्हणजे टक्केवारी परत जुळेल. कागदावर जुळते. पण वजन दोन्ही टोकांना गेलं की ट्रेलर एकदा हलायला लागल्यावर थांबायला जास्त वेळ घेतो, कारण टोकाचं वजन फिरायला लागलं की त्याला आवरणं अवघड. वजन मधे, एक्सलच्या आसपास आणि खाली, हेच बरं. आणि स्वे कंट्रोलवाला (हेलकावे दाबणारा) हिच घेतला की हे सगळं माफ असंही नाही, तो चांगल्या भरलेल्या ट्रेलरला मदत करतो, उलाळलेल्याला नाही.

बंपरचं वेगळंच दुखणं. ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे गाडीचा बंपर नव्हे, ती पातळ पत्र्याची चार इंची चौकोनी पोकळ नळी असते, आत सांडपाण्याचा पाइप ठेवायला, आणि दोन टोकांना फ्रेमला वेल्ड केलेली. आतला पाइप ओला, त्यात इकडचं हिवाळ्यातलं मीठ, त्यामुळे सेकंडहँड ट्रेलरचा बंपर आतून किती खाल्लाय हे बाहेरून कळत नाही. त्यावर आधीच स्पेअर टायर लटकलेला असतो. त्यात रॅक दीड-दोन फूट मागे बाहेर, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला तो बंपरला पीळ देतो, आणि ट्रेलरचं शेवटचं टोक कारच्या मानाने कितीतरी जास्त उसळतं. वेल्ड सुटला तर रॅक, सायकली, स्पेअर आणि बंपर सगळं एकत्र मागच्या गाडीसमोर. बऱ्याच ट्रेलर कंपन्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहितात की बंपरला काही टांगू नका, आणि बरेच रॅकवाले लिहितात की आमचा रॅक ट्रेलरवर लावला तर वॉरंटी नाही. विकणारा यातलं काही वाचत नाही, त्याला रॅक विकायचा असतो. बंपर तुटू नये म्हणून जास्तीचे लोखंडी पट्टे मिळतात, ते बंपर रस्त्यावर पडण्यापासून वाचवतील पण वरचं १५२ पाउंडचं गणित त्यांनी बदलत नाही. शिडीला लावायचे रॅक पण मिळतात, त्याबद्दल एवढंच की शिडी पातळ भिंतीला स्क्रूने धरलेली असते.

मग मागे कधीच नाही का? तसं नाही. लांब, जड, डबल एक्सलचा ट्रेलर असेल, टंग वेट १४ टक्क्यांच्या आसपास असेल, फ्रेमला बोल्ट केलेला खरा २ इंची रिसीव्हर (रॅक खुपसायची चौकोनी नळी) असेल आणि रॅक ट्रेलरसाठीच मान्य असेल (याकिमाचा लाँगहॉल किंवा हॉलिवूड रॅक्सचा आरव्ही रायडर असे मोजके आहेत), तर दोन साध्या सायकली मागे चालतात. लाँगहॉल चार साध्या सायकलींसाठी आहे आणि आरव्ही रायडर दोन जड ई-बाइकसाठी, हा फरक लक्षात ठेवा. रिसीव्हरवर जी मर्यादा लिहिलेली असते त्यात रॅकचं वजनही धरायचं, हे विसरतात लोक. पण १९ फुटी सिंगल एक्सल ट्रेलरवर दोन ई-बाइकसकट चार सायकली, याला मी तरी हो म्हणणार नाही.

पुढे, म्हणजे ट्रेलरच्या तोंडावरच्या ए-फ्रेमवर, गॅसच्या टाक्यांच्या वर बसणारे रॅक येतात. कॅनडातल्या क्वेबेकची अर्विका त्यासाठी माहितीतली आहे, लेट्स गो एरोचा जॅक-इट पण लोक वापरतात. सायकली आरशात दिसत राहतात, मागचा कॅमेरा मोकळा राहतो, उसळी कमी. एखादा मोठा पिकअप असता तर मी हेच सांगितलं असतं. पण तुमच्या हायलँडरला ५००० पाउंड ओढता येतात आणि टंग वेटची मर्यादा ५०० आहे. दोन ई-बाइक ११० अधिक रॅक ४० म्हणजे १५०, बॉलपासून दोन फुटांवर, त्यातले १२७ पाउंड बॉलवर पडणार. ४५० अधिक १२७, झाले ५७७. मर्यादेच्या बाहेर. एक गॅस सिलिंडर घरी ठेवला तरी तीसेक पाउंड कमी होतील, पुरत नाही. म्हणजे मागे ठेवलं तर फार हलकं आणि पुढे ठेवलं तर फार जड, मिडसाइज एसयूव्हीवाल्यांची ही नेहमीची कोंडी आहे आणि ती रॅक बदलून सुटत नाही.

गाडी आणि ट्रेलर यांच्या मधे, दोन मजली रिसीव्हर किंवा एक्स्टेंशन लावून रॅक घुसवायचा प्रकार तर विसराच. ते वजनही गाडीच्या त्याच ५०० मध्ये मोजलं जातं, एक्स्टेंशनने हिचची ताकद बरीच कमी होते, आणि पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना ट्रेलर वळला की पहिली सायकल चेपते.

गाडीच्या टपावर मुलांच्या दोन सायकली, हे मला तुमच्यासाठी पटतं. २५-२५ पाउंडच्या सायकली, ट्रे आणि बार धरून शंभरच्या आत. टपाची मर्यादा हायलँडरच्या मॅन्युअलमध्ये बघा, बारची मर्यादा वेगळी असते आणि दोनातली जी कमी ती धरायची. ई-बाइक टपावर नाही म्हणजे नाही, ५५ पाउंडचं धूड डोक्याच्या वर उचलून सरळ ठेवताना कंबर जाते किंवा गाडीची काच जाते. उंचीची भीती लोकांना ट्रेलर ओढताना वाटते, पण तेव्हा तुम्ही तसेही दहा-अकरा फुटांचा ट्रेलर ओढत असता, डोळा वरच असतो. घात होतो तो कॅम्पसाइटवर ट्रेलर सोडून दूध आणायला निघाल्यावर. गाडी एकदम सुटसुटीत वाटते, टपावर सायकली आहेत हे डोक्यातून गेलेलं असतं आणि समोर ड्राइव्ह-थ्रूची कमान. म्हणून पोचल्यावर सगळ्यात आधी टप रिकामा करायचा, चहा नंतर.

टपाबरोबर अजून एक आकडा बघायचा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा पिवळा स्टिकर. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडच्या वर नाही असं त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरचं टंग वेटही त्यातच मोजायचं. चार माणसं समजा ५५०, टंग ४५०, डिकीतलं सामान दीडशे, टपावरचं शंभर, झाले साडेबाराशे. तुमच्या स्टिकरवर चौदाशे असेल तर बसतंय, पण फार ऐसपैस नाही, सासू-सासरे भारतातून आलेले असतील आणि तेही सोबत असतील तर गणित परत करा.

आता ई-बाइक. माझं उत्तर: ट्रेलरच्या आत, एक्सलच्या वर, जमिनीवर. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो कारण घरात चिखल आणायचा म्हणजे काय. पण बघा, दोन ई-बाइक ११० पाउंड, एक्सलच्या दीड फूट पुढे ठेवल्या तर टंग वेटमध्ये फरक पडतो १३ पाउंड. तेरा. ना वारा लागत, ना पाऊस, ना चोर बघतो, ना नंबर प्लेट झाकते, ना मागचे दिवे. रॅकचे सात-आठशे डॉलर वाचतात ते वेगळेच.

करायचं कसं ते सांगतो, कारण नुसतं आत टाकून चालत नाही. तुमच्यासारख्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा पुढे मोठा बेड, मागे बंक आणि मधे डायनेट (जेवायचं टेबल आणि बाकं) व किचन असतं, आणि एक्सल मधल्यापेक्षा थोडा मागे. म्हणजे डायनेट आणि किचनच्या मधली मोकळी जागा हीच सायकलींची जागा. दार आधी मोजा, २४ ते २६ इंच असतं आणि हँडल त्याहून रुंद, त्यामुळे हँडलचा पुढचा बोल्ट ढिला करून ते चाकाला समांतर फिरवायचं आणि पेडल काढायचे. डावा पेडल उलट्या आट्याचा असतो, सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, त्यावर नुसता जोर करून आटे खराब केलेले लोक पाहिलेत. पायरी दोन-अडीच फूट उंच असते, तिथे एक घडीची अ‍ॅल्युमिनियमची फळी ठेवली की एकट्याला सायकल ढकलत चढवता येते. बॅटरी लावून ठेवली आणि सायकलला वॉक मोड असला तर ती स्वतःच चढते, मग वर गेल्यावर बॅटरी काढा.

जमिनीवर सामान हलवायच्या जाड गोधड्या मिळतात त्यातली एक पसरायची, आईच्या जुन्या सोलापुरी चादरी असतील तर त्या मधे घालायला उत्तम. एक सायकल पुढे तोंड करून, दुसरी उलटी, म्हणजे हँडल हँडलला आणि पेडल पेडलला अडत नाही. साखळीच्या बाजूवर आडवी करायची नाही, गिअर वाकतो. पुढचं चाक बेडच्या कठड्याला टेकवायचं म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे सरकायला जागाच राहत नाही, कारण सायकलला जायचं असतं ते पुढेच. बांधायला साधे बकलचे स्ट्रॅप घ्या. खटक्याचे रॅचेट स्ट्रॅप नकोत, जोशात आवळले तर फ्रेम चेपते, कार्बनची असेल तर कळतही नाही. बांधायचं बेडच्या लाकडी चौकटीला किंवा डायनेटच्या टेबलाच्या जमिनीतल्या पायाला. फ्रिजच्या हँडलला, कपाटाच्या दाराला नाही, ते स्क्रू नुसते दिसायला असतात. जमिनीत लोखंडी कड्या बसवायच्या असतील तर आधी खालून बघा, हीटरची हवा नेणारी नळी आणि पाण्याचे पाइप तिथूनच जातात, आणि ट्रेलरची जमीन म्हणजे पातळ प्लाय, त्यात स्क्रू धरत नाही, फ्रेममध्ये बोल्ट गेला पाहिजे.

त्रास आहे, नाही म्हणत नाही. वाटेत थांबून ट्रेलरमधलं टॉयलेट वापरायचं, कुकर लावायचा, हे सायकली आत असताना जमत नाही, त्यामुळे डबा गाडीत ठेवा आणि रेस्ट एरिया वापरा. ट्रेलरला सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड असेल तर सायकली बाहेर काढल्याशिवाय ती उघडायची नाही. परतीच्या दिवशी पाऊस असेल तर सायकली पुसायला एक वेगळं जुनं टॉवेल हवं, नाहीतर बायको काय बोलेल ते मी इथे टाइप करत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही तपासलेली दिसत नाही. मॅकिनॉ आयलंडवर १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी आहे आणि त्याच वृत्तीने तिथे ई-बाइकही सरसकट चालत नाहीत. चालण्याफिरण्याची अडचण असलेल्यांना क्लास १ ई-बाइकची, म्हणजे पेडल मारलं तरच मोटर मदत करते अशा सायकलीची सवलत आहे, बाकीच्यांना नाही. म्हणजे फक्त बेटासाठी ई-बाइक ओढत नेणार असाल तर त्या घरीच राहू द्या. बेटाची प्रदक्षिणा, एम-१८५ रस्ता, साधारण ८ मैल, पाण्याच्या कडेने, जवळपास सपाट, साध्या सायकलीवर शाळेतली पोरंसुद्धा करतात. तुमच्याकडे किंवा मित्राकडे साध्या सायकली असतील तर फेरीवर पैसे भरून चढवता येतात, नाहीतर बेटावर भाड्याने ढिगाने मिळतात आणि मुलांच्या तेवढ्या टपावर न्या. फेरीवर चढवायच्या सायकली हलक्याच बऱ्या.

ई-बाइक न्यायच्याच असतील तर मॅकिनॉ सिटीतूनच जुन्या रेल्वेमार्गांवरचे दोन ट्रेल निघतात. नॉर्थ सेंट्रल ट्रेल खाली गेलर्डपर्यंत साधारण ६२ मैल आणि नॉर्थ वेस्टर्न ट्रेल पेटोस्कीकडे ३२ मैल, बराचसा भाग चुनखडीच्या बारीक कचीचा, पातळ टायरला जरा कंटाळवाणा पण ई-बाइकला मस्त. तुम्ही दोघांनी एक दिवस तिकडे, आणि मुलांबरोबर एक दिवस बेटावर, असं केलंत तर चारही सायकली नेण्यात अर्थ आहे.

बॅटऱ्यांबद्दल. प्रवासात काढून गाडीत, एसी लागतो तिथे, पायाशी उन्हात नाही. बंद ट्रेलर ऑगस्टच्या उन्हात भट्टी होतो. काढल्याने सायकल पाच-आठ पाउंडांनी हलकी होते हा वरचा फायदा. चार्जिंग तुम्ही जागे असताना, समोर, रात्री झोपताना ट्रेलरमध्ये लावून नाही. आणि पुढेमागे रॅक घेतलाच तर एका सायकलीची मर्यादा किती हे बघा, एकूण नाही. चार सायकलींचा रॅक म्हणजे बऱ्याचदा एकीला ३५-४० पाउंडच, तुमची ई-बाइक बॅटरी काढूनही त्यात बसत नाही. रॅकवर ताडपत्री गुंडाळू नका, ती शिडासारखं वारं धरते, बहुतेक रॅकवाले मनाई करतात.

ज्यांच्याकडे पिकअप आहे ते हे वाचत असतील तर त्यांना एकच, सायकली ट्रकच्या बेडमध्ये टाका आणि सुखी राहा. फक्त टेलगेटवर पॅड टाकून पुढचं चाक बाहेर लोंबकळत ठेवलं तर रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर जास्तीत जास्त वळवून बघा, चाक गॅसच्या टाकीला लागतं का ते. पॉप-अपवाल्यांना आत जागाच नसते, त्यांना बंद छपरावर रॅक लावता येतो, पण छप्पर वर करायच्या आधी सायकली उतरवाव्याच लागतात आणि छपराची मर्यादा कंपनीनुसार वेगळी. युरोपातल्या आपल्या मंडळींचं गणित अजून वेगळं आहे, तिकडच्या कॅरव्हॅनना तोंडावर भारच कमी लागतो, पण मर्यादाही ७५-१०० किलोच्या आसपास असते, त्यामुळे ए-फ्रेमवर ६० किलोवाला रॅक भरून लावला की संपली. आणि मागे सायकली लावून इटली किंवा स्पेनला जाणार असाल तर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लावायला विसरू नका, नाहीतर दंड.

इतकं करूनही कधी ट्रेलर हलायला लागला तर काय, हे बायकोलाही सांगून ठेवा, ती चालवत असू शकते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलट-सुलट फिरवून हेलकावे मोडायचा प्रयत्न नाही, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक कंट्रोलरची ट्रेलरचाच ब्रेक लावायची कळ हळूच दाबायची. ती कळ डॅशबोर्डवर कुठे आहे हे घरी उभ्या गाडीत हाताला शिकवा. तुम्हाला मॅकिनॉ पूल ओलांडायची गरज नाही, बेटाची फेरीबोट अलीकडूनही सुटते, पण पलीकडे अप्पर पेनिन्सुलात जायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, जोराचा वारा असला की ट्रेलर ओढणाऱ्यांना पुलावर ताशी २० मैलांनी एस्कॉर्टमागून नेतात. थांबवलं तर थांबा, हुज्जत घालू नका.

निघायच्या आधी टंग वेट मोजायचं, अंदाज नाही. बाथरूमचा काटा थेट खाली ठेवलात तर फुटेल, म्हणून एक भक्कम फळी घ्या, एका टोकाखाली वीट आणि दुसऱ्या टोकाखाली काटा, दोन्हीवर एक-एक पाइप ठेवून त्यावर फळी, दोन पाइपमधलं अंतर तीन फूट. ट्रेलरची चाकं अडवून, ट्रेलर सपाट ठेवून, तोंडाचा जॅक विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुणा. दीडशे दिसलं तर साडेचारशे. सामान, पाणी, गॅस, सायकली सगळं प्रवासात असेल तसं भरून मोजायचं, रिकाम्या ट्रेलरचा आकडा काही कामाचा नाही. एकूण वजनासाठी हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल (ट्रकचा वजनकाटा) असतो, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात, ट्रेलरसकट एकदा आणि ट्रेलर सोडून एकदा असं दोनदा काटा करा.

हे केलंत की चार आकडे लिहा इथे: टंग वेट, भरलेल्या ट्रेलरचं वजन, बॉलपासून एक्सलचं अंतर आणि पिवळ्या स्टिकरवरचं पेलोड. सोबत दाराची रुंदी आणि आतल्या मोकळ्या जागेची लांबी. मग ई-बाइक आत नेमक्या कुठे ठेवायच्या ते इंचात सांगतो.